चन्नम्मा काय म्हणाली

दानेश्वरी बिराजदार मोहोळजवळच्या एका शाळेत शिक्षिका होती. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे कानडी घरचीच. म्हणून पुण्याहून माहितीपट करायला आलेल्या उत्कर्षानं तिला दुभाषी म्हणून सोबत घेतलं. पुरात घरदार गेलेली सीमेपलीकडची काही कुटुंबं वीटभट्टीवर पालं ठोकून राहत होती. त्यांची मुलं शाळेत का नाहीत, हे उत्कर्षाला दाखवायचं होतं.

भट्टीवर पोचताच दानेश्वरीनं चन्नम्माला ओळखलं. दहा वर्षांची ही मुलगी दिवाळीनंतर बापासोबत, संगप्पासोबत, शाळेत आली होती. "जुन्या शाळेचा दाखला आणा," म्हणून दानेश्वरीनंच दोघांना परत धाडलं होतं. दाखल्यावाचूनही प्रवेश द्यावा लागतो, हे तिला ठाऊक होतं. पण मराठी न येणारं मूल वर्गात घ्यायचं, वर तपासणीला उत्तरं द्यायची, तिला ते नको होतं.

कॅमेरा सुरू झाला. शाळेत का जात नाहीस, या प्रश्नावर चन्नम्मा कानडीत म्हणाली, "गेले होते. या बाईंनीच परत पाठवलं. दाखला पुरात गेला, असं अप्पानं किती सांगितलं."

दानेश्वरी उत्कर्षाकडे वळली. "ती म्हणते, शाळा लांब पडते."

"बाई, म्या असं न्हाय म्हनलं," चन्नम्मा मराठीत म्हणाली. आठवडी बाजारात जाऊन जाऊन ती तेवढी मराठी शिकली होती.

"मॅडम, काय म्हणाली ती?" उत्कर्षानं हळू विचारलं.

विटा रचणारा संगप्पा धावत आला. मुलीला मागं ओढून त्यानं दानेश्वरीपुढे हात जोडले. "चुकलं बाई. पोरगी लहान हाय, मनावर घेऊ नका."

दानेश्वरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कॅमेरा बंद करू नका," ती उत्कर्षाला म्हणाली. "मीच तिला परत पाठवलं. आणि आत्ता खोटं बोलले."

सोमवारी ती स्वतः भट्टीवर गेली आणि चन्नम्माला घेऊन आली. नाव हजेरीत चढलं. आता चन्नम्मा रोज येते, मैत्रिणींत हसते, बोलते. फक्त दानेश्वरी बाकाजवळ आली, की वहीवर हात आडवा धरून गप्प बसते. दानेश्वरी वही मागत नाही. पुढच्या बाकाकडे जाते.