कंपनीच्या तिकिटावर

धक्क्यावर

“त्या आमच्या तिकिटावर आहेत का?”

“म्हणजे?”

“विमानाचं तिकीट हो, मॅडम. आमच्या कंपनीकडून काढलं होतं, की त्यांचं त्यांनी?”

जहाजाच्या शिडीपाशी पांढऱ्या गणवेशातला अधिकारी उभा होता. उन्हाने त्याच्या नाकाची साल निघाली होती. थोरलीने पर्स छातीशी धरली.

“बहीण आहे माझी,” ती म्हणाली. हे उत्तर नव्हते, हे तिलाही कळले.

“बहीण आहेच हो. पण तिकीट कुणाचं?”

त्याआधी, फोनवर

“ताई, तू खरंच जहाज कंपनीकडून विमानाचं तिकीट काढलंस? अगं, ते कुठल्याही विमानात कोंबतात. दोन ठिकाणी उतरवतील, मधल्या सीटवर बसवतील, आणि वर महागात.”

“बसवू देत. उशीर झाला तर जहाज गाठून देणं त्यांच्याकडे.”

“तुला विमानतळावर पाटी घेऊन उभा असलेला माणूस हवाय. कबूल कर.”

थोरलीला तो हवाच होता. आजवर तिला घ्यायला कुठेही कुणी आले नव्हते.

“माझं मी काढणार,” धाकटी म्हणाली. “सरळ विमान, खिडकीची जागा. सकाळी बसले की दुपारी तुझ्यासमोर हजर.”

“निदान आदल्या दिवशी तरी ये.”

“आणि रात्रभर हॉटेलात एकटी काय करू? एकटं राहायचा घरी काय कमी सराव होतो?”

थोरलीने तो विषय सोडला. तिचा सराव जास्त होता.

पर्समध्ये

एक डबी. डबीत ओल्या कापसात गुंडाळलेली कवळी.

थोरली दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते; तिथे तिला सगळे ‘बत्तीशी’ म्हणतात. माणसे तिच्यापर्यंत येत नाहीत, प्लास्टरचे जबडे येतात. धाकटीच्या गावच्या डॉक्टरने धाकटीचा जबडा पाठवला, तेव्हा खोके उघडताच तिने ओळखला. उजवीकडे तोच उतार, वडिलांचा. तिने कवळीत पुढचे दोन दात मुद्दाम जरासे एकमेकांवर चढवले. धाकटी लग्नाआधी हसायची तेव्हा ते तसेच दिसायचे.

पण कवळी हिरडीला कुठे टोचते, ते तोंडात बसवल्यावरच कळते. तिथे थोडे घासायचे, पुन्हा बसवायचे. त्याला वेळ हवा. म्हणून थोरलीने जहाजाची सहल शोधली होती: एक खोली, दोन पलंग, आठवडाभर. धाकटीच्या लग्नानंतर दोघी एका खोलीत झोपल्या नव्हत्या. लहानपणी धाकटी दिवा घालवल्यावरच बोलायला लागायची. दिवसभर तोंडातून शब्द नाही आणि अंधारात बडबड.

विमानतळावर

पाटी होती. पाटीवर जहाजाचे नाव होते, थोरलीचे नव्हते.

तरी तिने हात वर केला.

पुन्हा धक्क्यावर

“ताई, अजून धावपट्टीवरच आहोत गं. वैमानिक म्हणतोय, आता निघू. केव्हाचा तेच म्हणतोय मेला.” दात नसल्याने फोनमध्ये धाकटीच्या शब्दांतून वारा जात होता.

जहाज मात्र सुटत नव्हते. थोरलीने अधिकाऱ्याला कारण विचारले.

“एक बस यायचीय. त्यातल्या लोकांचं विमान लेट झालं.”

“मग थांबता येतं की तुम्हाला!”

“ते आमच्या तिकिटावर आहेत, मॅडम.”

“माझी बहीणपण तुमच्याच तिकिटावर आहे.”

इतके सरळ खोटे ती पहिल्यांदाच बोलली असेल. अधिकाऱ्याने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग, तिचा मान राखावा म्हणून, खालपासून वरपर्यंत पुन्हा पाहिली.

“नाहीयेत हो,” तो हळूच म्हणाला. “तुम्हाला मागे थांबायचं असेल तर मात्र आत्ताच सांगा.”

फोन कानालाच होता. धाकटीने सगळे ऐकले होते.

“थांबलीस तर बघ! मी पुढच्या बंदरावर गाठते. जा, आपली खोली धर.”

बस आली. माणसे हसत चढली, त्यांच्यामागे थोरली. शिडी वर गेली.

पुढच्या बंदरावर

“तिथवर सरळ विमानच नाही, ताई. दोनदा बदला, वर बोट. मला नाही झेपणार आता. घरी परत आले.” फोनवर धाकटी पुढे म्हणाली, “म्हण ना एकदा, मी सांगितलं होतं म्हणून.”

थोरली तसे म्हणाली नाही. “दातांचं काय?” तिने विचारले.

“पाठव कुरियरने.”

“घासून बसवावे लागतात गं.”

“घासेल की इथला डॉक्टर. तू नको जिवाला लावून घेऊस.”

खोलीत

कवळी कोरडी ठेवली तर वाकडी होते. थोरलीने ती ग्लासात पाण्यात ठेवली. ग्लास तिच्या उशाशी मावेना, म्हणून दुसऱ्या पलंगाच्या उशाशी ठेवला.

सकाळी खोली आवरणारा आला. त्याने ग्लास पाहिला, टॉवेलांची दुसरी जोडी ठेवली.

“दुसऱ्या मॅडम लवकर उठतात वाटतं?”

“हो,” थोरली म्हणाली. “फिरायला गेलीय वर.”

संध्याकाळी ती जेवून आली तेव्हा दोन्ही पलंगांवरची पांघरुणे रात्रीसाठी एकेका कोपऱ्यात दुमडलेली होती. थोरलीने ग्लासातले पाणी बदलले. आपल्या पलंगावर ती भिंतीकडे पाठ करून आडवी झाली आणि तिने दिवा घालवला.

ती काही बोलली नाही. अंधारात सुरुवात नेहमी धाकटीच करायची.