तुंब्यातलं लाल भात

मी तुंबा. वाळलेल्या दुध्याचा. पोट मोठं, गळा बारीक, त्यामुळे आत काय आहे ते पटकन बाहेर येत नाही. ज्या सुनेबरोबर मी या घरात आलो तिचंही तसंच आहे.

माझा जन्म डोंगरातला, लाडकीच्या झोपडीच्या कौलांवर. माझी भावंडं कोवळेपणीच भाजीत गेली. मला तिने वेलावर राहू दिलं. वाळल्यावर देठाकडे भोक पाडलं, आत बारीक खडे घालून खडखड हलवलं, गर काढला आणि चुलीवरच्या वाशाला टांगलं. धुराने माझी कातडी काळी, कडक झाली. मग तिने माझ्यात राखेत घोळलेलं बियाणं भरलं आणि दाणे काढलेल्या मक्याच्या बुरकुंडाचं बूच लावलं.

ते भात म्हणजे लाल हळवं. ठेंगणं, कुसळाचं, दिसायला गबाळं. पण माळावरच्या हलक्या जमिनीत यायचं, आणि घरातलं धान्य संपत आलेलं असताना, दसऱ्याच्या आधीच, तयार व्हायचं. दर जूनला मी रिकामा व्हायचो, दर दसऱ्याला भरायचो. असं रिकामं होण्याचं मला कधी दुःख वाटलं नाही.

मागच्या पावसाळ्यात लाडकीचा हात मोडला आणि पेरणी राहिली. बी माझ्यात एक वर्ष जास्त राहिलं. भाताचं बी म्हणजे सोनं नव्हे. फार जपलं तर आतल्या आत मरतं. म्हणून या एप्रिलमध्ये तिच्या लेकीचं, दीपाचं लग्न झालं तेव्हा लाडकीने मला तिच्या हातात दिलं. ‘‘यंदा नाय पेरलंस तर संपलं,’’ एवढंच म्हणाली.

टेम्पोत कपाट होतं, पंखा होता, स्टीलची भांडी होती, आणि दीपाच्या मांडीवर मी. एक वऱ्हाडीण म्हणाली की आमच्याकडेही दुधी मिळतो हो. सगळ्या हसल्या. दीपाने मला पदराखाली घेतलं, बस्स.

तिचं सासर उमरोळीच्या पूर्वेला. तिथे बावन्न घरांनी जमिनी एकत्र केल्या होत्या आणि मधले बांध फोडले होते. सगळीकडे एकच वाण. पाकिटावर त्याला नावही नव्हतं, आकडा होता. सगळ्यांनी एकदमच लावायचं, सगळं एकदमच पिकणार, मशीन या टोकाने शिरलं की त्या टोकाने भात घेऊन बाहेर. पहिली दोन वर्षं पीक मोप आलं, हे कबूल करायला हवं. लोक लांबून दाखवायचे, बघा, एकसारखं कसं दिसतं. माणसांना एकसारखं फार आवडतं. फक्त स्वतःचं पोरगं तेवढं वेगळं निघावं लागतं.

या घरात गॅस होता. म्हणजे धूर नाही. मला फ्रीजशेजारच्या खिळ्याला टांगलं आणि महिन्याभरात माझ्यात सोंडे झाले. त्याहून मोठा घात मात्र किड्यांनी केला नाही.

दीपा आणि तिची सासू ठकी पालघरच्या बाजाराला गेल्या होत्या. सासरे चिंतू घरी. त्यांनी मला पाहिलं. इकडे तुंबा म्हटलं की पहिली आठवते ताडी. व्याहीणबाईंनी इतका जपून तुंबा पाठवला तो आणखी कशाला? आत जुनं किडकं भात दिसलं, ते त्यांनी अंगणात कोंबड्यांना टाकलं. मला धुतलं. ताडी भरली. व्याहीणबाईंचं नाव घेऊन प्यायलेही.

दीपा परतली, अंगणात पाहिलं, आणि हातातली पिशवी खाली ठेवून कोंबड्यांमध्ये बसली. दाणा दाणा वेचायला लागली. तेच चिंतूंना फार लागलं. ठकी बोलली ते मी इथे सांगत नाही.

दीड ओंजळ भात वाचलं.

त्यातले दहा दाणे दीपाने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. पाचव्या दिवशी उघडलं. चारांना मोड आले होते.

ठकीने डोकावून पाहिलं. ‘‘धातले च्यार? आमच्या घरात पण कामाला तेवढेच उठतात.’’

दीपा पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, ‘‘आई, मला जागा पायजे.’’

जागा कुणाच्या एकट्याच्या हातात नव्हती. गटाचा प्रमुख भावेश. माणूस वाईट नव्हे, पण गिरणीवाल्याला शब्द त्याने दिला होता. तो ओट्यावर येऊन बसला. ‘‘वहिनी, सफेद भातात एक लाल दाणा दिसला तरी अख्खी गोण मागं येते. बावन्न घरांचा सवाल हाय.’’

‘‘तुमच्या आधी कापीन. खळ्यात आणणार नाय, घरी ताडपत्रीवर झोडीन,’’ दीपा म्हणाली.

भावेश मान हलवत राहिला. तेव्हा कोपऱ्यातून चिंतू बोलले. ‘‘माझा वरचा माळाचा तुकडा. तुझी मशीन तिकडं चढते का?’’

‘‘नाय चढत.’’

‘‘मग तो गटात कशाला? मी चढतो. दीपा चढते.’’

विषय संपला. कोंबड्यांनी खाल्लेलं चिंतू असं परत करत होते, हे भावेशला कळलं नसावं. मला कळलं.

रोपं इतकी थोडी उगवली की लावणीला दीपाने एका जागी एकेकच लावलं. इकडे चार-पाच रोपांचा जुडगा लावतात. ठकी बांधावरून म्हणाली, हे काय भात लावणं झालं, हे तर दागिने मांडणं. मग लुगडं खोचून स्वतःच चिखलात उतरली. नवरा कैलास बोईसरच्या कारखान्यातली पाळी करून यायचा, जेवायचा, आणि काही न विचारता माळावर गवत काढायला जायचा.

सप्टेंबर सरता सरता लाल हळवं पिकलं. दीपाने शब्द दिला होता तसंच केलं. आधी कापलं, ताडपत्रीवर झोडलं.

त्याच आठवड्यात खाली गटाच्या शेतात करपा पडला. आधी एका कोपऱ्यात, पानांवर ठिपके. पण सगळी रोपं एका जातीची, एका वयाची, आणि मध्ये बांधसुद्धा नाही. एकाला जे झालं ते सगळ्यांना झालं. लोकांनी फवारण्या केल्या. निम्मं वाचलं. मशीन आलं तेव्हा लोंब्या उभ्या होत्या आणि बऱ्याच पोकळ होत्या. कुणी कुणाला दोष दिला नाही. सगळ्यांचं एकसारखंच होतं ना.

दसऱ्यानंतर भावेश पुन्हा ओट्यावर आला. टोपी हातात. म्हणाला, ‘‘वहिनी, पुढच्या साली वरच्या अंगाला लावून बघतो. मूठभर बी द्या.’’

ठकीने सुनेकडे पाहिलं. दीपाने मला खिळ्यावरून काढून मांडीवर घेतलं. मी जेमतेम गळ्यापर्यंत भरलो होतो.

‘‘देईन,’’ ती म्हणाली. ‘‘आधी तुमचा बांध घाला.’’

भावेश टोपी घालून गेला. चार दिवस काहीच नाही. पाचव्या सकाळी खालून कुदळीचा आवाज आला. एकच कुदळ. थोड्या वेळाने दुसरी. चिंतू दिसले नाहीत, म्हणजे दुसरी कुणाची ते मी ओळखलं.

आता मी घराबाहेर, मागच्या पडवीत राहतो. ठकीने तिथे माझ्यासाठी तीन दगडांची चूल मांडली आहे. निमित्त अंघोळीच्या पाण्याचं. धूर मिळतो. अजून किंचित ताडीचा वास येतो, पण त्याने बियांचं काही बिघडत नाही. कैलासच्या साहेबांना मी दिवा करून दिवाणखान्यात टांगायला हवा आहे, वर चित्रंही काढणार म्हणे. दीपाने नाही म्हणून सांगितलं.

मीही तेच सांगतो. मला शोभेला लावू नका. माझी फार काळजीही घेऊ नका. जून आला की बूच काढा आणि मला उलटा करा, शेवटचा दाणा पडेपर्यंत. मग दसऱ्याला या. मी इथेच आहे, तोंड उघडं ठेवून.