संहिता नसलेल्या नाटकाची प्रॉम्प्टर

एकतीस वर्षं मावशींनी विंगेतल्या लाकडी स्टुलावर बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवली. राजे, वकील, खुनी, विधुर, सगळे त्यांच्याकडून शब्द घेऊन गेले आणि टाळ्या स्वतः घेऊन घरी गेले. मावशींना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. प्रॉम्प्टर दिसली की नटाचं काहीतरी बिनसलंय, हे त्या जाणून होत्या. मग नटांच्या कानात छोटी यंत्रं आली. कंपनीने मावशींना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि हसतमुखाने निरोप दिला.

घरी बसून महिना झाला नाही तोच धाकट्या बहिणीचा फोन आला.

"ताई, तुझ्या भाच्याचं ते नाटक चाललंय ना, तिथे जाशील का?"

"कसलं नाटक?"

"ते मला कळलं असतं तर तुला कशाला जा म्हटलं असतं?"

भाचा चौतीस वर्षांचा, दाढी राखलेला, एकुलता एक. चांगली नोकरी सोडून त्याने गावाबाहेरच्या बंद पडलेल्या साबण कारखान्यात एक नाट्यसमूह काढला होता. समूहाला नाव नव्हतं. नावासाठी अकरा बैठका झाल्या, एकमत झालं नाही, म्हणून पत्रकावर नावाच्या जागी रिकामी चौकट छापायचे. आसपासचे लोक त्यांना सरळ 'चौकटवाले' म्हणत.

मावशी पहिल्या दिवशी गेल्या तेव्हा सगळे जमिनीवर गोल बसले होते. भिंतींना अजून साबणाचा वास होता आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी शिंकत होतं.

"इथे दिग्दर्शक कुणी नाही, मावशी," भाचा म्हणाला. "सगळे समान. कुठेही बस." मावशी बसल्या. "तिथे नको, ती माझी जागा आहे."

मग प्रत्येकाने आज आपण कोणता पदार्थ आहोत ते सांगायचं होतं. एक किडकिडीत नर्तकी म्हणाली, "मी आज ओला पुठ्ठा आहे." नृत्य हा शरीरावरचा अन्याय आहे असं कळल्यापासून ती सहा वर्षं नाचली नव्हती. आवाजाचं काम बघणारा मुलगा गळ्यात हेडफोन अडकवून म्हणाला, "मी गंज." सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशींची पाळी आली.

"मी बरी आहे," मावशी म्हणाल्या.

भाच्याने वहीत 'बरी' लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

शेवटी एक टक्कल पडलेले गृहस्थ उरले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. ते माती तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत होते, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. प्रयोग आंतरशाखीय व्हायचा तर विज्ञान हवं, म्हणून त्यांना आणलं होतं. फोनवर त्यांना 'सादरीकरण' एवढंच सांगितलं होतं, त्यामुळे ते तक्त्यांची गुंडाळी काखेत घेऊन आले होते.

"मी मातीच," ते चाचरत म्हणाले. "म्हणजे, तेच माझं खातं आहे."

चहाच्या वेळी मावशी त्यांच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून त्या दोघांचं जमलं. मावशी त्यांना 'मातीवाले सर' म्हणू लागल्या.

नाटकाचं नाव 'तळ'. अवधी दीड तास. नर्तकी घोंगडीखाली निजून राहणार. आवाजवाला नळ्यांमधून पाणी सोडणार. मधोमध मातीचा ढीग, त्यावर मातीवाले सर उभे राहून सहा वाक्यं बोलणार. अख्ख्या नाटकात शब्द तेवढेच.

"सहा का होईनात, वाक्यं आहेत ना!" मावशींना हायसं वाटलं. "संहितेची एक प्रत दे बघू."

"मावशी, संहिता ही हुकूमशाही आहे."

"असू दे. एक प्रत दे."

प्रत नव्हतीच. वाक्यं एकदा बोलण्यातून उगवली होती आणि लिहिली तर मेली असती म्हणे. मावशींनी ती सरांकडून ऐकून शाळेच्या वहीत ठसठशीत अक्षरात उतरवली. वर पाचोळा आहे. पाचोळ्याखाली काळी ओल आहे. ओलीखाली चिकणमाती आहे. चिकणमातीखाली मुरूम आहे. मुरमाखाली फुटका खडक आहे. फुटक्या खडकाखाली अखंड खडक आहे.

"सोपं आहे की, सर."

"प्रयोगशाळेत झोपेत सांगेन हो. पण ढिगावर चढलो की पायच लटपटतात."

मावशींनी बसायला खुर्ची मागितली. त्यावर तीन तास चर्चा झाली. खुर्ची ही सत्ता आहे, असं ठरलं. मावशींनी घरून आपलं स्टूल आणलं आणि डावीकडच्या काळ्या पडद्याआड मांडलं. स्टुलाबद्दल कुणी काही ठरवलेलं नव्हतं.

पहिल्या प्रयोगाला साठ माणसं आली. चाळीस मिनिटं नळ्यांतून पाणी ठिबकलं. मग सर ढिगावर चढले.

"वर पाचोळा आहे," ते म्हणाले. "पाचोळ्याखाली काळी ओल आहे."

आणि गप्प झाले.

नट थांबतो तेव्हा त्याच्या अंगात पुढचं वाक्य तयार उभं असतं. नट विसरतो तेव्हा अंग रिकामं होतं, आणि ते सगळ्यात आधी हातात दिसतं. सरांचा अंगठा तर्जनीवर घासायला लागला होता. मावशींनी तीन श्वास मोजले, पडद्यापाशी वाकल्या आणि फक्त नटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ओलीखाली चिकणमाती आहे."

पण आवाजवाल्याने मातीचा श्वास ऐकू यावा म्हणून ढिगात आणि आसपास सहा माइक पेरले होते, आणि त्यातला एक मावशींच्या स्टुलाखाली येत होता. हे मावशींना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांची कुजबुज आठ स्पीकरांतून, छताच्या पत्र्यापर्यंत घुमली. समोरच्या रांगेतल्या एका बाईने छातीवर हात ठेवला.

"ओलीखाली चिकणमाती आहे," सर घाबरून म्हणाले. आता तर ते पारच गोंधळले. पुढची तिन्ही वाक्यं मावशींनीच दिली. प्रत्येक वेळी पत्रा थरथरला.

भाचा मागच्या भिंतीला टेकून पांढराफटक पडला होता. अंधार झाला, उजेड आला, आणि लोक उठून उभे राहिले. टाळ्या थांबेनात. एका समीक्षकाने लिहिलं, 'स्मृती हरवलेल्या पुरुषाला पृथ्वीच्या पोटातून एक आदिम स्त्रीस्वर भाषा परत देतो.' मावशींनी ते वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं आणि आदिम म्हणजे नेमकं किती म्हातारी, असं बहिणीला विचारलं.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली.

"आम्हाला हे पहिल्यापासून अभिप्रेत होतं," भाचा म्हणाला. आदल्या दिवशीचा पांढरा रंग पार उतरला होता. "आता ते पक्कं करू. सर तिसऱ्या वाक्याला विसरतील. मावशी, तू द्यायचं."

"पण सर आता विसरणार नाहीत. सकाळी मी त्यांच्याकडून वीस वेळा घोटून घेतलंय."

"विसरल्यासारखं करतील."

"आणि मी काय करू?"

"आठवण करून द्यायची."

"ज्याला आठवतंय त्याला?"

भाच्याने डोळे मिटून लांब श्वास घेतला. "मावशी, तो विसरण्याचा अवकाश आहे."

मावशी गप्प बसल्या. इतिवृत्तात नोंद झाली, 'मावशी: मौन. अर्थात सहमती.'

दुसऱ्या प्रयोगाला एका मोठ्या नाट्यमहोत्सवाची निवड समिती येणार होती. तिघेजण, तिघांचे चष्मे गोल. भाच्याने त्यांना मधल्या रांगेत बसवलं आणि स्वतः दाराशी उभा राहिला.

सर ढिगावर चढले. दोन वाक्यं बोलले. मग कपाळाला हात लावून त्यांनी छताकडे पाहिलं. इतका वाईट अभिनय मावशींनी एकतीस वर्षांत बघितला नव्हता. त्यांची नजर खाली सरांच्या हाताकडे गेली. अंगठा जागच्या जागी स्वस्थ होता.

मावशींनी वाक्य दिलं नाही.

हा हट्ट नव्हता. आयुष्यभर त्यांचं तोंड नटाच्या गरजेला उघडलं होतं. गरज नसताना ते कसं उघडायचं, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. एक मिनिट गेलं. भाचा दारातून हातवारे करू लागला. घोंगडीखाली नर्तकी खोकली. दोन मिनिटं झाली. मावशींनी चष्मा काढून पदराने पुसला आणि परत लावला. समिती भारावून गेली होती. एकाने वहीत 'धाडस!' असं लिहिलं.

चौथ्या मिनिटाला सरांचा अंगठा घासायला लागला.

"ओलीखाली चिकणमाती आहे," मावशी लगेच म्हणाल्या. पत्रा घुमला.

पण सरांचा धीर संपला होता. त्यांना ते वाक्य कानावर पडूनही कळेना. ते ढिगावर खाली बसले, आणि हात सवयीने मातीत गेला. त्यांनी मूठभर माती उचलली, चिमटीत चुरडली, नाकाजवळ नेली.

"ही इथली नाही," ते म्हणाले. "नदीकाठची आहे. हे बघा, बोटांवर रेशमासारखी लागते. कुणी आणली ही?"

"मी," आवाजवाला नळ्यांमागून म्हणाला.

"चांगली माती आहे रे. वाया घालवलीस."

मग ते सुटले. प्रयोगशाळेत लोक पिशवीत माती घेऊन येतात, त्यांना सांगतात तसं सांगू लागले. एक बोटभर माती व्हायला कशी शेकडो वर्षं लागतात, गांडूळ तिच्यात काय काम करतं, ओली माती मुठीत दाबून सोडली की ती काय सांगते. पहिल्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "माझ्या कुंडीतल्या रोपाची पानं पिवळी पडतात हो."

"पाणी रोज घालता?"

"दोनदा."

"त्याला श्वास घेऊ द्या की!"

लोक मनापासून हसले. घोंगडी हलली आणि नर्तकी उठून बसली. तिला कुंडीचंच विचारायचं होतं. वीस मिनिटांनी सरांच्या लक्षात आलं की आपण नाटकात आहोत. "माफ करा," असं म्हणून ते खाली उतरले.

प्रयोगानंतर चर्चा ठेवली होती. भाचा पुढे आला. कुंडीवाल्या बाईंनीच पहिला प्रश्न विचारला, अगदी साध्या आवाजात. "मला सांगा, हे नाटक कशाबद्दल होतं?"

भाच्याने तोंड उघडलं आणि तसाच राहिला. मावशींनी पडद्याआडून पाहिलं. पोराचा अंगठा तर्जनीवर घासत होता. त्यांनी वही उघडली, पानं चाळली. सहा वाक्यांपुढे पानं कोरी होती. नटाला गरज असताना द्यायला हातात काही नाही, अशी वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. काही करता येईना, म्हणून त्या पडद्यातून बाहेर आल्या आणि त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"मला सांगता येत नाहीये," भाचा शेवटी म्हणाला. त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता.

"असू दे," बाई म्हणाल्या. "माती मात्र छान कळली."

समितीचं पत्र आठवड्याने आलं. ढिगावरच्या शांततेची चार मिनिटं अपूर्व होती. त्यानंतर मात्र प्रयोग 'अतिशय समजू लागला', म्हणून निवडीसाठी विचार करता येत नाही. झाल्या प्रकारावर समूहाने सहा बैठका घेतल्या. सातव्या बैठकीत आवाजवाल्याने आपला वेगळा समूह काढला आणि आठही स्पीकर घेऊन गेला. नर्तकी दोन महिने कुठेच दिसली नाही. नंतर कळलं की ती शाळेत मुलांना नाच शिकवते, पण कुणाला सांगू नका म्हणते. मातीवाले सर दर रविवारी कारखान्यात येतात. लोक कुंड्या घेऊन रांगेत उभे असतात.

भाच्याने मावशींशी दोन आठवडे अबोला धरला. मग एका सकाळी सात पानं घेऊन घरी आला. हाताने लिहिलेली, खाडाखोड भरलेली, एक मुलगा आणि त्याचे वडील यांच्या नाटकाची. मावशींनी चहा बाजूला ठेवला आणि ओळीवर बोट ठेवून सगळी वाचली.

"कसं आहे?" त्याने विचारलं.

"तिसऱ्या पानावर कोण बोलतंय ते कळत नाही. पाचवं पान रडकं आहे."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं म्हणून दाखव. मोठ्याने. उभा राहून."

तो उभा राहिला. मावशींनी पानं स्वतःकडेच ठेवली.