पंच्याऐंशी ठोके

मित्रांनो, नंदुरबारच्या बस स्टँडमागच्या दवाखान्यात पडद्याआड उभे असलेले सोनोग्राफीचे जुने यंत्र म्हणजे मी. चौदा वर्षांपूर्वी मी इथे आलो, तेव्हा डॉक्टर चेतना माझी काच स्वतः पुसत. पोटातले बाळ मी दाखवतो. मुलगा की मुलगी, हे मात्र कधीच सांगत नाही. तसा कायदाच आहे. पुढे रंगीत चित्राचे नवे यंत्र आले आणि माझ्यावर रेक्झिनचे कापड पडले.

गेल्या हिवाळ्यात नवे यंत्र बिघडले, म्हणून ते कापड निघाले. त्या दिवशी रनाळ्याची रूपाली आली. सोबत नवरा भाग्येश आणि सासू कमलबाई. लग्नानंतर चार वर्षांनी पहिल्यांदाच दिवस राहिले होते. सहा आठवडे झाले होते.

माझ्या काचेवर तांदळाच्या दाण्याएवढा जीव दिसला. आत काहीतरी लुकलुकत होते. रूपाली हसली. डॉक्टरांनी मात्र ठोके पुन्हा मोजले. मिनिटाला पंच्याऐंशी.

“ठोके आहेत, पण कमी आहेत,” त्या म्हणाल्या. “शंभराच्या वर हवेत. कधी दिवस मोजण्यात चूक होते, गर्भ आपल्याला वाटतो त्याहून लहान असतो. मग ठोके वाढतात. कधी नाही वाढत. आठ दिवसांनी पाहू.”

“मशीन जुनं शे ना, चुकत बी व्हई,” भाग्येश म्हणाला.

मला राग आला नाही. माझेच चुकलेले असावे, असे मलाही वाटत होते.

आठ दिवसांनी नवे यंत्र दुरुस्त झाले होते. त्याने पाहिले. दाणा तेवढाच होता आणि लुकलुक थांबली होती. डॉक्टरांनी दोनदा खात्री केली, मग शांतपणे सांगितले.

“तिनी पपई खादी, म्हनीसन आशे व्हयनं,” कमलबाई म्हणाल्या.

रूपालीने डॉक्टरांचा हात धरला. “मॅडम, मन्हं काय चुकनं?”

“काही नाही. पपईने नाही, कामाने नाही. बहुतेक वेळा गर्भाची घडणच सुरुवातीला बिघडलेली असते. ते कुणाच्या हातात नसते. पुढच्या वेळी नीट होऊ शकते.”

कमलबाई खुर्चीवरून उठल्या. मग सुनेजवळ बसल्या. “मन्हा पहिला बी असाच गया. विहीरनं पानी वढं म्हनीसन गया, आशे सासू बोलनी. तीस वरीस मी तेच खरं मानं.” पदराने त्यांनी रूपालीचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

मित्रांनो, माझी वायर ओढू नका, मला आपटू नका, एवढे मागणे आहेच. पण मला फक्त ठोके मोजता येतात. ते थांबले, की पुढचे काम माणसांचे. तुमच्या घरात कुणावर अशी वेळ आली, तर तिला गरम जेवू घाला, जवळ बसा. तिने काय केले होते, हे विचारू नका.