औषधापुरतं वेगळं

कमळावहिनींनी लोणच्याची रिकामी बरणी गरम पाण्यानं धुतली, गॅलरीत उन्हाला ठेवली आणि खडखडीत वाळल्यावर तिच्यात आम्हा दोघा भावांच्या गोळ्या ओतल्या. दादाच्या बाटलीतल्या आणि माझ्या बाटलीतल्या, सगळ्या एकत्र. झाकण लावून बरणी हलवली आणि फडताळात ठेवून दिली. हे करताना त्यांना कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी कुणी विचारलं नसतं, कारण आमच्या घरात असंच चालतं.

आमचं घर कोपर गावातलं. आता घर म्हणजे एकाच मजल्यावरचे समोरासमोरचे दोन फ्लॅट. आमच्या जागेवर बिल्डिंग झाली तेव्हा एक फ्लॅट राघोदादाच्या नावावर आला आणि एक माझ्या, जोमाच्या. माझी बायको त्याआधीच गेली, मूलबाळ नाही. माझ्या फ्लॅटात ओटा आहे, शेगडी आहे, पण त्या शेगडीवर तेव्हापर्यंत चहासुद्धा झालेला नव्हता. वहिनींनी होऊ दिला नाही. दोन चुली पेटल्या की भाऊ वाटणीला बसले असं लोक धरून चालतात, असं त्या म्हणायच्या. दोन्ही दारं दिवसभर उघडी आणि जेवण दादाकडे. दादाचा मुलगा धनेश आणि सून दोघंही नोकरीला जातात, त्यामुळे स्वयंपाक अजून वहिनींच्याच हातात आहे.

वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा मी शेंबडा पोर होतो. आई गेलेली, दादा मिठागरावर. मला न्हाऊमाखू घालून त्यांनीच वाढवलं. तेव्हापासूनची त्यांची रीत अशी, की घरात जे येईल ते आधी एका भांड्यात जाईल आणि मग ताटात पडेल. दादानं आणलेले तांदूळ असोत, नाहीतर मी खाडीतून धरून आणलेल्या चिंबोऱ्या. भांड्यात पडलं की ते कुणी आणलं हा विषय संपला.

साखर आम्हा दोघांनाही आहे. साखरेनं किडनी दमत चालली, पाय सुजायला लागले, तेव्हा धनेशनं आम्हाला ठाण्याला कोपरीच्या बाजूच्या एका इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टर उत्तराबाई एका नव्या गोळीचा अभ्यास करत होत्या. साखरेनं खराब होणारी किडनी त्या गोळीनं जास्त दिवस टिकते का, हे त्यांना बघायचं होतं. दादाची किडनी माझ्यापेक्षा बरीच जास्त खराब होती. आमच्या आळीतल्या एका माणसाला आम्ही डायलिसिसच्या मशीनवर जाताना-येताना बघितलेलं होतं. येताना त्याला दोघांनी धरून आणावं लागायचं. दादा तेव्हापासून एकच वाक्य बोलायचा, "मना मशीनला बांधू नका." म्हणून आम्ही त्या अभ्यासात नाव घातलं. दादासाठी मुख्य, आणि त्याच्याबरोबर माझंही.

समीक्षा नावाची मुलगी तिथं सगळं समजावून सांगायची. नेहमीची औषधं चालूच राहणार, वर ही एक गोळी. पण काही बाटल्यांमध्ये खरं औषध आणि काहींमध्ये हुबेहूब तशीच दिसणारी नुसती गोळी. कुणाला काय मिळालं ते तिला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. कॉम्प्युटरनं चिठ्ठी उचलल्यासारखं ते ठरवलेलं.

दादा म्हणाला, "म्हंजे लॉटरी."

समीक्षा हसली. म्हणाली, "लॉटरीच समजा काका. फक्त निकाल कधी ते विचारायचं नाही."

जेवण अळणी करा, असंही तिनं वहिनींना बजावलं. वहिनींनी त्याच दिवसापासून मीठ बंद केलं. सुकट, पापड, लोणचं, सगळं घराबाहेर गेलं. म्हणून तर ती बरणी रिकामी होती.

थोड्याच दिवसांत माझ्या पायांची सूज उतरली. चपलेचा पट्टा पुन्हा जुन्या भोकात बसायला लागला. दादाचे पाय मात्र तसेच. बोटानं दाबलं तर खड्डा पडायचा आणि बराच वेळ भरायचा नाही. दादाला त्याचं काही नाही. तो बिल्डिंगभर सांगत फिरला, "आमच्या जोम्याला खरी लागली." जणू मी एखादी परीक्षा पास झालो होतो. खाली वॉचमनला सांगितलं, मासेवालीला सांगितलं. मला मात्र तोंड लपवावंसं वाटायचं. ज्याच्यासाठी गेलो त्याला खोटी आणि मला खरी.

एकदा जेवताना मी म्हटलं, दादा, आपण बाटल्या बदलू. माझी तू घे.

दादाचा घास हातातच राहिला. "तुझ्या वाट्याचं मी खाऊ?" तो म्हणाला. "परत बोललास तर ताटावरून उठंन."

वहिनी भाकरी वाढत होत्या. त्यांनी दोघांच्याही ताटात भाकरी टाकली आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी बरणी धुतली.

सकाळी गोळी आणि पाणी वहिनीच हातावर द्यायच्या, आधीपासूनच. त्यामुळे गोळी बाटलीतून येते की बरणीतून हे आम्हाला कळायचं काही कारण नव्हतं.

पुढच्या तपासणीला धनेशच्या गाडीतून निघालो. शीळफाट्याला नेहमीसारखे अडकलो. धनेश स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला, दादा झोपला आणि वहिनी मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून बसल्या. मी विचारलं, काय आहे त्यात? म्हणाल्या, तुमच्या गोळ्या, त्या पोरीनं उरलेल्या घेऊन बोलावलंय ना.

समीक्षाच्या टेबलावर त्यांनी पिशवीतून बरणी काढली.

समीक्षानं बरणीकडे बघितलं, मग आमच्याकडे. "काकी, बाटल्या कुठं आहेत?"

"त्या पन आनल्यात," वहिनी म्हणाल्या आणि दोन्ही बाटल्या काढून ठेवल्या. स्वच्छ धुतलेल्या. "एकीत मोहरी भरली होती, ती काढली."

"आणि गोळ्या एकत्र केल्यात?"

"मग काय करू? एकाला खरी न एकाला खोटी, असं आमच्या घरात नाय चालत बाय. कुनाची कंची, ते तुमानाच ठावं नाय. आता मिसळल्या. दोघांना थोडी थोडी मिलंल."

समीक्षानं पेन खाली ठेवलं. ती रागावली नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी मोठं बिघडलंय हे आम्हा सगळ्यांना कळलं. ती उठून उत्तराबाईंना बोलवायला गेली. धनेश म्हणाला, "आई, अगं काय केलंस हे?" वहिनींनी बरणीचं झाकण पुन्हा घट्ट केलं.

उत्तराबाई आल्या आणि स्टूल ओढून वहिनींच्या शेजारी बसल्या. त्यांनी आधी विचारलं की हे कधीपासून. मग सावकाश समजावलं. वेगवेगळं दिल्याशिवाय गोळीचा उपयोग होतो की नाही हे कुणालाच कळणार नाही. उपयोग नसेल तर उद्या हजारो माणसं उगाच ती खात बसतील. असेल तर तेही सिद्ध करायला दोन बाजू वेगळ्याच राहायला हव्यात. मिसळलं की दोन्हीकडचा हिशेब गेला.

दादा पुढे सरकला. तो म्हणाला, "वाफ्यांसारखं हाय ते. दोन वाफे शेजारी. एकात नवीन काय करून बघायचं तर मधला बांध राखायला लागतो. तो फुटला तर मीठ कंच्या वाफ्यात बरं पिकलं ते कसं कलनार?"

"अगदी तसंच," उत्तराबाई म्हणाल्या.

"म्हंजे मी बांध फोडला," वहिनी म्हणाल्या.

उत्तराबाईंनी लगेच सांगितलं की चूक एकट्या तुमची नाही. एका घरातली दोन माणसं घेताना त्यांची चूल एक आहे का, हे आम्ही विचारायला हवं होतं. झालं ते त्यांना वर कळवावं लागणार होतं, आणि तिकडून निरोप येईपर्यंत दोघांचीही ती गोळी बंद. बाकी औषधं चालू, तपासण्याही चालू. पण वहिनींचं त्यातल्या अर्ध्यावर लक्ष नव्हतं. त्या एवढंच विचारत राहिल्या, की ह्यांच्या किडनीचं काय झालं.

उत्तराबाईंनी दोघांचे रिपोर्ट समोर घेतले. माझे बरे होते. दादाचे मागच्यापेक्षा उतरलेले. ब्लडप्रेशर चढलेलं, सूज तशीच. असंच उतरत गेलं तर मशीनचा विचार करावा लागेल, हे त्यांनी लपवलं नाही.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "मीच उलटसुलट केलं. खरी गोली असंल ती ह्यांना मिलाली नसंल. माझ्याच हातानं यांना मशीनवर धाडलं."

"काकी, थांबा," उत्तराबाई म्हणाल्या. "बरणी भरायच्या आधीपासूनच काकांची सूज अशी आहे. आणि मला एक कोडं पडलंय." दिवसभराची लघवी कॅनमध्ये साठवून द्यायला लावली होती, त्याचा निकाल आला होता. त्यावरून माणूस किती मीठ खातो ते कळतं. माझ्यात मीठ बेताचं. दादाच्यात मात्र भरपूर. "तुम्ही दोघं एकाच भांड्यातलं जेवता ना?"

वहिनी एकदम ताठ झाल्या. त्यांनी देवाची शपथ घेतली. घरात मिठाचा खडा नाही, पापड नाही, सुकट नाही, सून बाहेरून फरसाण आणते ते खोलीत बसून खाते. आणि मग त्यांचा स्वर परत पडला. म्हणाल्या, भांडंच कमी घासलं जात असेल माझ्याकडून, आधीचं मीठ राहत असेल.

मला ते ऐकवेना. दादाला तर मुळीच ऐकवलं नसावं. त्याचे कान लाल झाले. त्यानं बंडीच्या खिशात हात घातला, रुमाल काढला आणि रुमालाच्या कोपऱ्याला मारलेली गाठ टेबलावर सोडली. आत जाडं, करड्या रंगाचं मीठ होतं.

समीक्षानं तोंडावर हात ठेवला.

"भांडं नीट घासतंस तू," दादा खाली बघत म्हणाला. "मीच टाकतो वरून. तू भाकरी आनायला वललीस का टाकतो."

वहिनींनी खडा बोटावर घेऊन बघितला. त्यांनी तो ओळखला. आमचं मिठागर बंद झालं त्या शेवटच्या हंगामाचं थोडं मीठ त्यांनी मडक्यात घालून देव्हाऱ्याखाली ठेवलं होतं, आठवण म्हणून. दरवर्षी ते कमी व्हायचं. हल्ली जास्तच कमी व्हायला लागलं होतं आणि वहिनी मला म्हणायच्या, नव्या बिल्डिंगीत ओल फार, मीठ विरतंय.

"ओल," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं ओल हाय."

"मिठागरातला मानूस मी. अलनी जेवलो का जेवलोच नाय असं वाटतं."

मला वाटलं आता वहिनी त्याला सगळ्यांसमोर झाडणार. त्यांनी गाठ परत बांधली, रुमाल आपल्या पिशवीत टाकला आणि डोळे पुसले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मना सांगायचं. मी पन चोरून खाल्लं असतं तुमच्यासंगं. एकटेच खात बसलात ते."

उत्तराबाई हसल्या, पण लगेच कडक झाल्या. जोमाकाकांची सूज मीठ सोडल्यानं उतरली की गोळीनं, हे सांगता येणार नाही, म्हणाल्या. गोळी खरी होती की नाही हे मलाही ठाऊक नाही. पण राघोकाकांना मशीनपासून लांब राहायचं असेल तर पहिली गोष्ट म्हणजे हा रुमाल.

परत येताना गाडीत दादा पुढच्या सीटवर मान खाली घालून बसला होता. मी मागून विचारलं, म्हणजे मला खरी लागली हे बिल्डिंगभर सांगत फिरलास ते? तो म्हणाला, "मना वाटलं, लागलीच असंल. माझं मीठ मना ठावं होतं, पन त्याचा न सुजेचा संबंध मी कशाला लावू?" धनेश इतका हसला की मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला.

वरून निरोप यायला बरेच दिवस लागले. आमची मधली नोंद वेगळी धरणार होते, पण दोघांनाही अभ्यासात ठेवलं. नव्या बाटल्या मिळाल्या. समीक्षानं वहिनींच्या हातात त्या वेगवेगळ्या पिशव्यांतून दिल्या आणि म्हणाली, काकी, दोन बाटल्या एका फडताळात नकोत.

वहिनींनी त्यावर फार विचार केला. मग एका सकाळी माझी बाटली घेऊन माझ्या फ्लॅटात आल्या, माझा कोरा ओटा ओल्या फडक्यानं पुसला आणि बाटली तिथं ठेवली. शेगडीला पहिल्यांदाच काडी लावली आणि माझ्यापुरता बिनसाखरेचा चहा टाकला. शेजारच्या बाईनं दारातून डोकावून विचारलं, काय हो, चूल वेगळी केलीत की काय?

"औषधापुरतं वेगलं," वहिनी म्हणाल्या. "जेवायला तिकडंच येनार तो."

निकाल कधी लागेल ते अजून कुणी सांगत नाही. अजून काही वर्षं लागतील, असं उत्तराबाई म्हणतात. दादा म्हणतो, तवर दोघांनी टिकायला पायजे, नाहीतर लॉटरी कुनाला लागली ते कलायचं कसं. त्याच्या पायावर बोट दाबलं तर खड्डा आता लवकर भरतो. मागच्या तपासणीला मशीनचं नावही निघालं नाही. मडक्यात उरलेलं मीठ वहिनींनी खाडीवर नेऊन सोडलं, आणि तेव्हा दादा पाठमोरा उभा राहिला.

आता रोज सकाळी त्या माझ्याकडे येऊन मला गोळी देतात, चहा देतात आणि लगेच परत जातात. दोन्ही दारं उघडीच असतात, त्यामुळे समोरचं सगळं ऐकू येतं. भांड्यांचा आवाज, पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज, आणि मग वहिनींचा.

"खिसा दाखवा आधी."

दादा कुरकुरतो. मी चहा संपवून न्याहारीला तिकडे जातो.