चुकीला चूक म्हणायचं नाही

आमचे हे गेले ते म्हणे 'गुंतागुंत' होऊन. मेली गुंतागुंत! जन्म गेला माझा शिलाई मशीनवर. गुंतागुंत दोऱ्याची होते. हर्नियाचं ऑपरेशन नीट झालेला, चहा मागणारा माणूस इंजेक्शन देताच डोळे फिरवतो, त्याला आमच्यात चूक म्हणतात. सलाईनच्या बाटलीत मिसळून थेंबथेंब द्यायचं औषध नर्सनं थेट शिरेत सोडलं. एका कप्प्यात दोन कुप्या, दिसायला जुळ्या बहिणी. एकीत मिठाचं पाणी, दुसरीत काळ.

नर्सला घरी बसवलं. कुप्या आपल्या जागच्या जागी. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

मग विद्यापीठातल्या एक संशोधक बाई आल्या. दवाखान्यांतल्या चुकांनी किती माणसं मरतात ते शोधत होत्या. म्हणाल्या, "ताई, आपल्याकडे चुकीनं कुणी मरतच नाही, सगळे हृदय बंद पडून मरतात. मग सरकार म्हणतं, रोगच नाही तर इलाज कशाला? आतल्या डॉक्टरांनी खरं सांगितलं, तर या कुप्या सगळीकडेच वेगळ्या ठेवायला लावता येतील."

आतला माणूस आमच्या घरातलाच. माझे धाकटे दीर त्याच दवाखान्यात मोठे डॉक्टर, आणि त्या वेळी भावाची छाती दाबत तिथेच उभे. मी त्यांना बोलावून घेतलं. माझ्या माणसाचं मरण निदान कुणाच्या तरी उपयोगी पडावं, एवढंच मागणं होतं माझं.

भाऊजी खुर्चीच्या टोकावर बसले. "वहिनी, दादा माझा सख्खा भाऊ होता. पण अशा गोष्टी बाहेर गेल्या की लोकांचा विश्वास उडतो. लोक दवाखान्यात यायचेच बंद होतील. ते जास्त घातक."

वा रे वा! केवढी ती लोकांच्या तब्येतीची काळजी! बाई म्हणाल्या, तुमचं नाव कुठेही येणार नाही. तरी भाऊजींचं एकच, "गुंतागुंतच होती." मला इतकी चीड आली की भाऊजींना मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

बाईंचा अहवाल आला. आमच्या दवाखान्यात चुकीनं गेलेलं माणूस एकही नाही! लगेच दारावर फलक लागला, 'सर्वांत सुरक्षित दवाखाना'. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटतं म्हणतात. यांनी तर कोंबडं कापून खाल्लं.

आणि मग माझ्या लेकीचं अपेंडिक्स दुखायला लागलं. पोर कळांनी वाकडी झालेली, जवळ दुसरा दवाखाना नाही. भाऊजींनीच सगळी धावपळ केली, खोटं कशाला बोलू. तिला वॉर्डात खाटेवर निजवलं, तसं त्यांनी मला बाजूला घेतलं आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "वहिनी, हिच्या उशापासून हलू नका. कुणी इंजेक्शन घेऊन आलं की आधी कुपीवरचं नाव वाचा. मला विचारल्याशिवाय टोचू देऊ नका."

शेजारच्या खाटेवर एक म्हातारा सलाईन लावून झोपला होता. त्याची बायको पायथ्याशी बसून त्याचे पाय चेपत होती.

"आणि हिचा दीर डॉक्टर नाही, हिनं काय करायचं?" मी चांगलं मोठ्यानं विचारलं.

"हळू बोला, वहिनी," भाऊजी म्हणाले. "पेशंट ऐकतील."