बंद दाराआडचा मुका वाढपी

मित्रांनो, मला बघून बहुतेकांची फसगत होते. कुणाला मी फुलदाणीची तिवई वाटतो, तर कुणाला केक मांडायचा मनोरा. नाही हो. मी एक जुना वाढपी आहे, लाकडाचा आणि मुका. मधे एक खांब, त्याला एकाखाली एक तीन गोल तबकं, तळाला तीन पाय आणि पायांना चाकं, एवढाच माझा देह. वय दोनशेच्या पुढे गेलं, पण स्वभाव अजून चौकसच. चार माणसं बोलायला लागली की माझं सगळं लक्ष तिकडे. आणि नशीब बघा, मला घडवलंच मुळी अशा बोलण्यासाठी, जे दुसऱ्या कुणी ऐकायचं नव्हतं.

माझा जन्म अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका तंबाखूच्या मळ्यावरचा. इंग्लंडच्या राजाचं राज्य झुगारून देश नुकताच मोकळा झाला होता. मळ्याचे मालक कर्नल ॲम्ब्रोज फेअरली हे त्या नव्या देशाच्या जन्मदात्यांपैकी एक. आधी लढाईत लढले, मग कायदे लिहायला बसले. 'माणूस जन्मतःच मोकळा असतो' हे वाक्य ते असं काही म्हणत की ऐकणाऱ्याचा ऊर भरून यावा. आणि त्याच मळ्यावर शंभराच्या वर माणसं गुलाम होती. विकता येणारी, विकत घेता येणारी, लेकीच्या लग्नात आंदण देता येणारी.

मला घडवणारा आयशम त्यांच्यातलाच, मळ्याचा सुतार. कर्नलसाहेबांनी फिलाडेल्फियात कुणाकडे तरी माझ्यासारखा वाढपी बघितला होता. त्यांनी आयशमला बोलावून हातवारे करून सगळं समजावलं आणि शेवटी बजावलं, "चाकांचा आवाज होता कामा नये." आयशमनं अक्रोडाचं जुनं, मुरलेलं लाकूड निवडलं. तबकांच्या कडा त्यानं इतक्या प्रेमानं घासल्या की आजही त्यावरून बोट फिरवलं तर कुसळ लागायचं नाही. चाकांना त्यानं चामड्याच्या पट्ट्या ठोकल्या.

त्याची बायको फीबी मोठ्या घरात स्वयंपाक करायची. ती त्याला मक्याची भाकरी घेऊन आली आणि माझ्याकडे बघून खुदकन हसली.

"हे काय ध्यान रे?"

"वाढपी आहे म्हणे," आयशम म्हणाला. "अगं, वाढायला आपली डेलिया आहे, धडधाकट पोर. मग मालकांना हे कशाला हवंय?"

"याला कान नाहीत म्हणून. जेवताना त्यांना स्वातंत्र्यावर बोलायचं असतं. आपली पोर पाठीशी उभी असली की घास घशात अडकतो."

"म्हणजे मनातून त्यांना हे पाप वाटतं म्हणतेस?"

"मला काय विचारतोस? याला विचार. हाच बसणार आहे आत."

झालं! तो प्रश्न मला जन्माबरोबरच चिकटला. त्यांना कळत होतं की नव्हतं?

माझ्या उमेदीच्या काळाबद्दल काय सांगू! दुपारी तीनच्या सुमाराला जेवण मांडलं जाई. हॅमचे काप, कालवं, भाजलेली रताळी, पीच भरून भाजलेली गोड पाई, सगळं माझ्या तीन मजल्यांवर रचलं जाई. डेलिया मला अलगद ढकलत आत आणायची. पाहुणे म्हणत, "वा, काय सोय आहे!" आणि मी मनातल्या मनात फुगायचो. आतमध्ये राजावर बोलणं होई, करांवर, हक्कांवर, कायद्यांवर. मी पोटभर ऐकायचो.

हळूहळू एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बोलणं घोड्यांचं असलं, तंबाखूचं असलं, हवापाण्याचं असलं, तर डेलिया खोलीतच असे. ती मागे उभी राहून खुशाल वाढत असे. पण पाहुण्यांपैकी कुणी 'माणसाचा हक्क' म्हटलं की कर्नलसाहेब हातातला ग्लास तसाच धरून, मागे न बघता म्हणत, "डेलिया, मुक्याला जवळ लाव आणि तू जा. दार ओढून घे." दरवेळी हेच शब्द. मला आता ते शब्द यायच्या आधीच चाहूल लागायला लागली होती.

दार लावलं की बोलणं आतच राहतं, असं त्या शहाण्या माणसांना वाटे. इकडे स्वयंपाकघरात काय चाले, ते मला नंतर तिथे परत नेलं की बायकांच्या बोलण्यातून कळायचं. दार लागल्याचा आवाज आला की फीबी कढईतला झारा वर करून म्हणायची, "लागलं गं बाई दार! आज आपल्यावर बोलणं आहे." सगळे हसत. मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तशातली गत. डोळे मिटले की त्याला वाटतं, जगाला दिसत नाही.

मग कर्नलसाहेबांच्या लेकीचं, मिस हॅरिएटचं लग्न ठरलं. नवरा मुलगा लांबचा, डोंगरांपलीकडच्या केंटकीतला. आंदणात पलंग, आरसे, चांदीचे चमचे जाणार होते आणि रीतीप्रमाणे एक दासीही. मिस हॅरिएटला डेलियाच हवी होती. फीबीचं हे एकुलतं एक लेकरू. केंटकीला गेलेलं माणूस परत येत नाही, हे मळ्यावरच्या पोराटोरांनाही माहीत होतं. फीबीनं कर्नलसाहेबांना विचारलं तेव्हा ते "बघू" म्हणाले. त्या एका 'बघू'वर ती बाई जगत होती. उगाच जास्तीचं तूपलोणी घालून त्यांच्या आवडीचं रांधत होती.

त्या दिवसांत इनॉक पेनरोज नावाचा व्यापारी जेवायला आला. तो क्वेकर पंथाचा. कुणापुढे हॅट काढायची नाही आणि लहानथोर सगळ्यांना अरेतुरे करायचं, ही त्या पंथाची रीतच. समोर शेजारच्या मळ्याचे जज्ज वेल्स बसले होते. सूप संपतं न संपतं तोच नेहमीचे शब्द आले, डेलिया गेली, दार लागलं.

"ॲम्ब्रोज, सरळच विचारतो," पेनरोज म्हणाला. "माणसाला गुलाम करून ठेवणं तुला बरोबर वाटतं?"

मी श्वास रोखला. लाकडाला श्वास असता तर रोखला असता, असं म्हणा हवं तर.

कर्नलसाहेबांनी ग्लास खाली ठेवला. "नाही. चूक आहे. नुसती चूक नाही, पाप आहे. आज ना उद्या या देशाला ते फेडावं लागेल."

अहो, मला केवढा आनंद झाला! मिळालं की उत्तर! कळत होतं त्यांना. मला वाटलं, आता हा माणूस उठेल, दार उघडेल आणि डेलियाला हाक मारील.

"मग सोड त्यांना," पेनरोज म्हणाला.

"तुला बोलायला काय जातं रे इनॉक? तू शहरातला माणूस. उद्या सोडलं तर मळा कोण कसणार? आणि ती बिचारी जाणार कुठे? हे आमच्या पिढीत व्हायचं नाही. पुढचे लोक आमच्याहून शहाणे निघतील, ते बघतील काय ते."

जज्ज वेल्सना हे बोलणं रुचलं नाही. हॅमचा काप कापत ते म्हणाले, "पाप कसलं आलंय त्यात? खातात, पितात, गातात. त्यांना कुठं एवढं कळतंय? टेबल-खुर्ची तशी ती. घरचं सामान."

पेनरोजनं मान वळवून खोलीभर नजर फिरवली. "टेबल इथंच आहे," तो म्हणाला. "खुर्ची इथंच आहे. हा लाकडाचा वाढपीही इथंच आहे. मग ती पोर तेवढी बाहेर का घालवलीस, ॲम्ब्रोज?"

जज्जसाहेबांची सुरी बशीत थांबली. त्या दिवशी पीचची पाई माझ्या खालच्या तबकात तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्नलसाहेब न्याहारीला आले आणि मला बघून त्यांनी चक्क तोंड फिरवलं. बायकोला म्हणाले, "हॅरिएटच्या आंदणात हा वाढपी जाऊ दे. आणि डेलिया पण. दोन्ही पाठवून टाका." मी गारच पडलो. पेनरोजचं बोलणं त्यांच्या वर्मी लागलं होतं. म्हणून ज्यांच्याकडे बघून ते आठवेल, ते दोघंही नजरेआड करायचे!

दुपारी कर्नलसाहेब एकटेच जेवायला बसले. तेव्हा फीबी स्वतः पाईची बशी घेऊन आत आली. स्वयंपाकिणीनं जेवणघरात पाऊल टाकायचं नाही, असा त्या घरचा शिरस्ता होता. तिच्या हातावर अजून पीठ होतं.

"दार लाव, फीबी," ते म्हणाले.

"राहू दे उघडं, मालक. मला कुणापासून काही लपवायचं नाही." ती त्यांच्यासमोर उभी राहिली. "मिस हॅरिएट जायची म्हणून काल तुम्ही खिडकीशी डोळे पुसत होतात. मी बघितलं. माझी पोर गेली तर मला तसं होणार नाही, असं वाटतं का तुम्हाला?"

"तसं नाही गं." ते बशीतच बघत होते. "मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"सगळं ठाऊक आहे, फीबी. पण आता मी हॅरिएटला शब्द देऊन बसलोय."

मला वाटलं, ती रडेल, पाय धरील. तिनं तसलं काही केलं नाही.

"तुम्हाला ठाऊक नसतं तर बरं झालं असतं, मालक," ती म्हणाली. "मग मी समजावून सांगितलं असतं. ठाऊक असलेल्या माणसाला काय सांगायचं?"

तिनं बशी त्यांच्यापुढे ठेवली नाही. माझ्या मधल्या तबकात ठेवली आणि ती गेली. जाताना दार सताड उघडं टाकून गेली. कळतं पण वळत नाही, असं आपण किती सहज म्हणतो! त्या दिवशी मला ते बोलणं पहिल्यांदा झोंबलं.

निघायच्या दिवशी आयशमनं मला गाडीवर चढवलं आणि खिशातून छिन्नी काढून चाकांच्या चामड्याच्या पट्ट्या एकेक करून सोलून टाकल्या.

"बाबा, आता हा करकरेल ना!" डेलिया म्हणाली. "नव्या घरी ओरडतील मला."

"ओरडू देत. करकरू दे त्याला. तू खोलीत शिरलीस की लोकांना कळू दे, माणूस आलंय म्हणून."

फीबी फाटकापर्यंत लेकीचा हात धरून गाडीच्या कडेनं चालत आली. पुढे बैलांनी वेग घेतला आणि हात सुटला. मायलेकी पुन्हा कधी भेटल्या नाहीत.

केंटकीत मी असा करकरायचो की विचारू नका! मी आलो की आतली बोलणी आपोआप बंद पडत. शेवटी मिस हॅरिएट वैतागल्या आणि मला स्वयंपाकघरात हाकलून दिलं. माझी चांदीच झाली, कारण तिथं डेलिया होती. माझ्या तबकांवर ती पाला-मुळ्या वाळत घाली आणि आपल्या पोरांना गोष्ट सांगे. त्यांच्या आजीनं एकदा दार उघडं ठेवून काय म्हटलं होतं, त्याची. पोरं ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावत. डेलिया गुलाम म्हणूनच गेली. त्या पोरांची पोरं मात्र मोकळी झाली. त्यासाठी देशाला आपसात युद्ध करावं लागलं. पाप फेडावं लागलंच.

मग माझे वाईट दिवस आले. मी कोठारात पडलो. वरच्या तबकात कोंबड्या बसत, एक पाय मोडला. कितीतरी वर्षांनी कुणी जाणकारानं मला ओळखलं आणि व्हर्जिनियात परत आणलं. कर्नलसाहेबांच्या घराचं आता संग्रहालय झालंय. माझा पाय जोडला, मला तेलपाणी केलं. आणि मूळ रूपात आणायचं म्हणून, मित्रांनो, माझ्या चाकांना पुन्हा चामडं बसवलं. मी पुन्हा मुका झालो.

मागच्या उन्हाळ्यात एक शाळकरी मुलगी आईबरोबर आली होती. भिंतीवरच्या कर्नलसाहेबांच्या तसबिरीकडे बोट दाखवून तिनं माहिती सांगणाऱ्या बाईंना विचारलं, "हे चूक आहे, असं यांना वाटत नव्हतं?"

बाई स्वभावानं गोड. त्या म्हणाल्या, "काळच तसा होता, बाळा. तेव्हा कुणाला ते कळत नव्हतं."

मुलगी माझ्याकडे वळली. "आणि हे काय आहे?"

"हा मुका वाढपी. यावर जेवण मांडायचे, म्हणजे वाढणारी माणसं आत लागायची नाहीत."

"आत का नको होती ती माणसं?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या, जसं काही पहिल्यांदाच बघतायत.

म्हणून सांगतो, मित्रांनो. जुन्या वस्तू जपा, त्यांची धूळ पुसा, हे तर सगळेच सांगतात. माझी धूळ राहिली तरी चालेल. पण थोरामोठ्यांच्या गोष्टी ऐकताना, ते बोलायला लागायच्या आधी खोलीतून कुणाला बाहेर पाठवलं, ते विचारत जा. तुमच्या घरातही विचारा. आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना 'बिचाऱ्यांना कळत नव्हतं' म्हणून सोडून देऊ नका. तसं म्हटलंत तर फीबीनं उघडं टाकलेलं ते दार तुम्ही लावून घेतलंत, असं होईल.

आणि तुमच्यापैकी कुणी इकडे आलंच, तर माझ्या चाकांचं ते चामडं तेवढं काढायला सांगा.